चाकाच्या मधली जागा

३ फेब्रुवारी, सोमवार

गाडी आज घरी आली. कागदपत्रं पुरी होईपर्यंत दहा महिने चौकीच्या आवारात उभी होती. हौद्यात चहाचे कागदी पेले, वाळकी पानं आणि एका मांजरीचा संसार. मांजरीला समजावून खाली उतरवायला अर्धा तास गेला. बाकी पिकअपला ओरखडासुद्धा नाही. धडक गाडीला बसलीच नव्हती, माझ्या नवऱ्याला बसली. घाटातल्या तिसऱ्या वळणावर त्याने गाडी कडेला घेतली, खाली उतरला आणि मागून आलेल्या ट्रकने त्याला नेलं. ट्रकवाल्याची शिक्षा, चौकशी सगळं झालं. पण तो तिथे का उतरला हे मला अजून कोणी सांगू शकलेलं नाही. तिथे हॉटेल नाही, पाण्याचा नळ नाही, ओळखीचं कोणी राहत नाही. नुसतं वळण आहे.

तेव्हा चौकीतून मिळालेली पिशवी आज पुन्हा उघडली. चष्मा, फोन, किल्ल्या आणि चाकाचे नट खोलायचा पाना. रस्त्यावर जे दिसलं ते सगळं भरून दिलेलं दिसतंय. त्याची पँटही त्यातच आहे, दोन्ही गुडघ्यांना माती. पडताना लागली असेल. मी ती अजून धुतलेली नाही.

गाडीची काळी चकचकीत चाकं मात्र अजून देखणी दिसतात. ती मी निवडली होती. जुनी लोखंडी चाकं गंजून पापुद्रे निघायला लागले होते, आणि मी म्हटलं की आता घ्यायची तर जरा रुबाबदार घेऊ. नवऱ्याच्या धाकट्या भावाचं टायरचं दुकान आहे, भाऊजींनीच ती बसवून दिली. त्यानंतर तीनच आठवडे तो होता.

हे लिहायला घेतलं कारण बोलायला कोणी नाही. लेक बावीस वर्षांची आहे, दुकानात माझ्या बरोबरीने काच कापते, माझ्यापेक्षा सरळ कापते. पण बापाचा विषय निघाला की तिला नेमकं काहीतरी काम आठवतं. काचेचं दुकान तिघांचं होतं. दोघींनी चालवतोय, चालतंय. घाटावरच्या नव्या दवाखान्याच्या खिडक्यांचं काम घेतलंय. लेक म्हणाली, “त्याच रस्त्यावरचं काम घ्यायची काय हौस आहे तुला?” मी म्हटलं, “रस्त्याने काय केलंय?”

५ फेब्रुवारी, बुधवार

आज पहिली खेप. हौद्यातल्या तिरक्या लाकडी घोडीवर आठ काचा उभ्या केल्या, मधेमधे रबर, वरून पट्टे. लेक शेजारी बसली, खिडकीबाहेर तोंड करून.

आता जे लिहिते ते कोणी वाचलं तर मला वेड्यात काढेल. काटा साठवर गेला आणि स्टिअरिंग तळहातांत थरथरायला लागलं. अगदी बारीक, जिवंत माणसाच्या मनगटावर बोट ठेवावं तसं. त्याच क्षणी मागच्या काचा गुणगुणायला लागल्या. सगळ्या एका सुरात, खालच्या पट्टीत. वेग कमी केला की गप्प, साठला पुन्हा सुरू. माझा नवरा काम करताना असाच गुणगुणायचा. सूर कधी धड लागला नाही, आणि बंद कर म्हटलं तर हमखास वाढवायचा.

मी दोन तास साठ सोडलं नाही. तिसऱ्या वळणाशी थरथर वाढली. मी हळूच म्हटलं, “आले रे.” लेकीने माझ्याकडे बघितलं, मग परत बाहेर.

९ फेब्रुवारी, रविवार

भाऊजी आले. म्हणजे फाटकापर्यंत आले. दहा महिन्यांत या माणसाने घरात पाऊल टाकलेलं नाही. सख्खा मोठा भाऊ गेला, तेव्हाही हा रस्त्याच्या पलीकडे उभा होता, आत यायचं नाव नाही. मी चारचौघांत बोलले होते की ज्याला भावजयीसमोर उभं राहायला जड जातं त्याने पुढेही तसदी घेऊ नये. त्याने ते शब्दशः पाळलं.

आज म्हणाले, “वहिनी, गाडी आठ दिवस माझ्याकडे द्या. चाकं बदलून देतो.”

“का? या चाकांना काय झालंय?”

“जुनी झाली.”

“तीन आठवडे फिरली आणि दहा महिने उभी होती. तुमच्या दुकानात यालाच जुनं म्हणतात का?”

 टोपी काढून हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, “निदान साठच्या वर नेऊ नका, वहिनी. पाया पडतो.”

 साठचं यांना कोणी सांगितलं? लेकीने सांगितलं असेल तर तिला काय माहीत मला साठला काय ऐकू येतं ते? मी किल्ली मुठीत धरून आत गेले. भावाची एक शेवटची वस्तू घरात उरलीय तीही याला बदलून टाकायचीय. आता याला भावाचे उमाळे येतायत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लेक बसने गेली आणि दवाखान्यापाशी माझी वाट बघत उभी राहिली. म्हणते, गाडीत मळमळतं. लहानपणी याच हौद्यात उभी राहून गाणी म्हणायची, तेव्हा नाही मळमळलं.

एकटी होते तर मोकळेपणाने बोलत गेले. कोणत्या खिडकीला कोणती काच, ठेकेदार कसा तिरसट आहे, लेक कशी माझ्यावर डोळे वटारते. साठवर होते, तो सगळ्याला हुंकार देत होता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज टकटक!

चढ संपला आणि उजव्या बाजूने, पुढून, टक... टक... टक. वळण घेताना जास्त. काच घेताना तो बोटाच्या पेराने वाजवून बघायचा. आत कुठे तडा असेल तर आवाजात कळतो म्हणायचा. हुबेहूब तसंच. मी रडले नाही, उलट हसायलाच आलं. इतके दिवस नुसता गुणगुणत होता, आज दार वाजवतोय.

आज लेक सोबत होती. तिने डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. “आई, हे काय वाजतंय? थांबव गाडी.”

“काही नाही. वाजू दे.”

“आई, थांबव म्हणते ना!”

मी नाही थांबवली. थांबवली की तो गप्प होतो हे तिला कसं सांगू? उतरल्यावर ती पाच मिनिटं पायरीवर बसून राहिली. चेहरा पांढराफटक. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर फार नाही. माझं मन दुसरीकडेच होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर भाऊजी गाडीच्या पुढच्या उजव्या चाकाशी गुडघे टेकून बसलेले, हातात पाना. चोरासारखे! मी ओरडले. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या.

“काय चाललंय? चाकं काढून नेताय?”

“नट बघत होतो, वहिनी.”

“माझ्या दारात, मला न विचारता?”

ते उठले. पाना हातातच. कसंबसं म्हणाले, “या चाकाला सहा नट आहेत. चार करकचून आवळलेत. दादाच्याच हाताचे आहेत, तो आवळला की असाच आवळायचा, नट खोलताना आई आठवते. दोन सैल. नुसत्या बोटांनी फिरत होते.”

“मग?”

“मग काही नाही. दोन राहिले होते.” आणि हा पन्नाशीचा माणूस माझ्या दारात लहान मुलासारखा रडायला लागला. मला काही कळेना. नटांवरून कोणी रडतं का? राग आला होता तो तसाच अर्धवट राहिला. म्हटलं, “राहिले असतील. आवळलेत ना आता? मग निघा.”

लेक चपला न घालता त्यांच्यामागे कोपऱ्यापर्यंत धावत गेली. दोघं बराच वेळ बोलत उभे होते. परत आली ती डोळे लाल करून. नंतर दिवसभर काकाचं नाव नाही. संध्याकाळी त्यांचा फोन आला तर तिने कट केला. बरं झालं, तिलाही कळला त्यांचा स्वभाव.

१५ फेब्रुवारी, शनिवार

टकटक गेली. गुणगुण आहे, पण दबलेली. भाऊजींना शिव्या घालत गेले आणि घालत आले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आवाज परत आला आणि माझी काच घेऊन गेला.

तिसऱ्या वळणावर इतकी थरथर झाली की स्टिअरिंग हातातून निसटायला बघत होतं. मागे काड्कन वाजलं. उतरून बघितलं तर सर्वांत मोठी काच, बाळंतिणींच्या खोलीची, खालच्या कोपऱ्यापासून वरपर्यंत गेलेली. पंचवीस वर्षांत आमच्या गाडीत काच तडकली नव्हती, हा आमच्या दुकानाचा तोरा होता. तो तर लोकांना ऐकवायचा, “आमच्या गाडीत झोपलेलं पोर जागं होणार नाही.”

घरी येऊन मी रबराची गुंडाळी काढली. जिथे आवाज तिथे रबर, हे आम्हाला पाठ आहे. आठवलं, शेवटच्या आठवड्यात तोही असंच रबर कापत बसला होता. घोडी नव्याने मढवली, काचांमध्ये दुप्पट पट्ट्या घातल्या. काच का गुणगुणते म्हणत होता. मी म्हटलं होतं, तुझ्याकडून शिकली.

लेक दारात उभी राहून माझं रबर कापणं बघत होती. म्हणाली, “आवाज काचेचा नाहीये, आई. तू काच दोनदा मापतेस, मग कापतेस. ती चाकं एकदा तरी मापलीस? चाक काढून माप. तोपर्यंत मी गाडीत बसणार नाही, आणि तू बसलीस तर हे घर सोडून जाईन.”

मी म्हटलं, “मोठी आलीस.” पण ती खरंच बोलत होती. तिचा बाप संतापला की आवाज चढवायचा नाही, उतरवायचा. तीही तशीच बोलली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी दुकानापुढे जॅक लावला आणि पुढचं उजवं चाक काढलं. चाक ज्याच्यावर बसतं तो मधला गोल उंचवटा, हब, मी व्हर्नियरने मापला. मग चाकाच्या मधलं भोक मापलं. लेक पाटीवर आकडे लिहीत होती. हब एकशे सहा मिलिमीटर. भोक एकशे दहा.

ती म्हणाली, “चारचा फरक आहे.”

मी म्हटलं, “म्हणजे दोन्हीकडून दोन-दोन. बरोबर आहे. जागा सोडायलाच...”

वाक्य तिथेच अडकलं. कारण हे वाक्य मी आधी एकदा बोलले होते.

आमच्या कामात जागा सोडावीच लागते. चौकटीत काच कधी घट्ट बसवायची नसते. चारी बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर सोडायचे, खाली रबर. उन्हात काच फुगते, जागा नसेल तर तडकते. हे माझ्या हाडात इतकं मुरलंय की कुठेही फट दिसली तर मला बरंच वाटतं. मागच्या वर्षी याच अंगणात भाऊजींनी पहिलं चाक लावून बघितलं होतं आणि मान वर करून म्हणाले होते, “वहिनी, सहाही नट बसतायत, पण मधे जागा राहतेय. एक दिवस द्या, ती भरायला लेथवर कडं बनवून आणतो. नाहीतर दुसरी चाकं बघू.” मी म्हटलं, “जागा राहू दे भाऊजी, जागा हवीच. उद्या सकाळी काच न्यायचीय. बसवून टाका.” ते माझ्या नवऱ्याकडे बघायला लागले. तो हसला आणि म्हणाला, “मालकीण म्हणते तर बसव बाबा.”

मी हे विसरले होते. लपवलं नव्हतं, खरोखर विसरले होते. रोज हजार गोष्टी बोलते मी.

पाना. गुडघ्यांची माती. चार घट्ट, दोन सैल. त्याला चाक डुगडुगताना जाणवलं म्हणून तो उतरला. वळणावर गुडघे टेकून नट आवळत बसला होता. चार आवळून झाले होते.

मी जमिनीवरच बसले. लेक माझ्याजवळ बसली, माझा हात धरला आणि म्हणाली, “तुला कळलं ना आता? काकांनी माझ्याकडे कबूल केलंय. त्यांनी चुकीची चाकं बसवली म्हणून बाबा उतरले. म्हणाले, आईला मी सांगतो, तू बोलू नकोस. सहा दिवस वाट बघितली मी. नाही सांगितलं त्यांनी. मला त्यांचं तोंड बघायचं नाहीये.”

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तिने माझा हात धरला होता. दहा महिन्यांत पहिल्यांदा. मी काहीच बोलले नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काही नाही. दिवसभर दुकान बंद.

२३ फेब्रुवारी, रविवार

भाऊजींच्या दुकानात गेले. पूर्वी बाहेर नव्या चाकांची रांग टांगलेली असायची, त्यांच्या जागी नुसते खिळे आहेत. हल्ली म्हणे फक्त पंक्चर काढतात. मी याला आळस म्हणत होते.

म्हटलं, “तुम्ही मला विचारलं होतंत.”

“काय?”

“मधे जागा राहतेय म्हणून. मी म्हटलं, राहू दे.”

“छे. असं काही झालं नव्हतं. मी कशाला विचारेन? मी न बघताच बसवली.”

“भाऊजी, खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात. लग्नात पेढे कमी भरले आणि तुम्ही “मी नाही खाल्ले” म्हणालात तेव्हाही झाले होते.”

त्यांनी खरोखरच कानाला हात लावला. मग टायरच्या ढिगावर बसले. “तुम्हाला आठवत नाही हे मला त्याच दिवशी कळलं होतं, वहिनी. तुम्ही सगळ्यांना विचारत फिरत होता की तो का उतरला, तो का उतरला. मला तुमच्या घरात कसं येववलं असतं? आलो असतो तर तुम्ही मलाही विचारलं असतं.”

म्हणून रस्त्यापलीकडे उभे होते.

“आणि पोरीला का सांगितलंत?”

“ती विचारतच राहिली. काहीतरी सांगायला हवं होतं. तिला एकच आई आहे. काका काय, असला काय, नसला काय.”

मी म्हटलं, चूक माझी. ते म्हणाले, “नट आवळणारे हात माझे होते. मला माहीत होतं आणि तरी बसवली. तुम्हाला माहीत नव्हतं.” आम्ही चूक आपापल्याकडे ओढत बसलो. शेवटी ते म्हणाले, “तिला काही सांगू नका. मी झेपवलंय. झेपतंय.”

त्यांचे हात थरथरत होते. साठला स्टिअरिंग थरथरायचं तसेच.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

चाकं. आता तरी नीट.

भाऊजी मला लेथवाल्या आजोबांकडे घेऊन गेले. आजोबांनी जुनं चाक उलटं केलं, चष्मा कपाळावर चढवून आतल्या बाजूला कोरलेला आकडा वाचला आणि माझ्याकडे असं बघितलं की शाळेत गृहपाठ विसरल्यासारखं वाटलं. “कडं मी आत्ता बनवून देतो. पण हा आकडा म्हणजे हे चाक किती वजन पेलतं तो. हे चाक चार माणसं आणि एक टोपली उचलण्यापुरतं आहे. तुम्ही काय नेता?”

“काच.”

“मग हे फेका. वर हे चाक बाहेर किती आलंय बघा. जितकं बाहेर, तितका बेअरिंगवर भार. चाक जोड्यासारखं असतं बाई. दोन नंबर मोठा जोडा घेऊन नाडी कितीही आवळा, पाय आत फिरणारच. नाडीने जोडा धरून ठेवायचा असतो, पायाचं वजन तिने उचलायचं नसतं.”

मग आम्ही तीन दुकानं फिरलो. मी व्हर्नियर घेऊन. सहा नटांच्या वर्तुळाचं माप, मधलं भोक, आतल्या बाजूची खोली, पेलायचं वजन, नटाची बैठक तिरकी की गोल. एक दुकानदार म्हणाला, “ताई, सहा होल आहेत, बसतंय.” भाऊजी आणि मी एकदमच म्हणालो, “बसतंय म्हणजे काय?” तो दचकला. शेवटी मिळाली ती साधी, राखाडी, लोखंडी. जुन्या चाकांसारखीच. अजिबात रुबाबदार नाहीत. हबवर चढवली तर हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच ठोकावी लागली, तेव्हा बसली. एका केसाचीही जागा नाही. मला ते बघवत नव्हतं. माझा सगळा जन्म ओरडत होता की हे तडकणार.

भाऊजींनी नट एकाआड एक आवळले, जोर मोजणाऱ्या पान्याने. शंभर किलोमीटर झाले की पुन्हा बघायचे म्हणाले. मागच्या वेळीही म्हणाले होते. आम्ही गेलो नव्हतो.

लेक खिडकीतून बघत होती. काका जाईपर्यंत खाली उतरली नाही.

१ मार्च, शनिवार

आज घाट चढले. एकटीच. साठवर गेले. काही नाही. सत्तर. काही नाही. काचा आपल्या जागी मुकाट उभ्या. स्टिअरिंग हातात मेल्यासारखं शांत.

मी त्याला हाक मारली. दोनदा, तीनदा. मग मला समजलं. महिनाभर मी ज्याच्याशी बोलत होते तो माझा नवरा नव्हताच. ज्याने त्याला नेलं तेच माझ्याशी गुणगुणत होतं, आणि मी त्याला लेकीचे किस्से सांगत होते. टकटक ऐकून मी हसले होते. शेजारी माझी पोर डॅशबोर्ड धरून बसली होती.

तिसऱ्या वळणावर थांबले नाही. थांबले असते तर उतरले असते आणि मग मला वर चढता आलं नसतं.

घरी आले तर लेक आनंदात. “चाकं मस्त झाली ना?” तिने स्वयंपाक केला होता. मधेच म्हणाली, “आई, यापुढे काका आले तर मी घरात थांबणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.” मी भात कालवत राहिले.

खरं लिहिते. मला गप्प बसायचं आहे. गप्प बसले तर कोणाचं काय बिघडणार? भाऊजींनी स्वतःच सांगितलंय, झेपतंय म्हणून. लेक माझी राहील. रोज माझ्या शेजारी उभी राहून काच कापेल, म्हातारपणी मला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेईल. बोलले तर? तिने काकाचा फोन ज्या अंगठ्याने कट केला तोच अंगठा आहे. मला फार भीती वाटते. याआधी आयुष्यात कुणाची भीती वाटलेली नाही.

आणि तिकडे त्यांचे हात थरथरतायत.

२ मार्च, रविवार

सकाळपासून तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा म्हटलं, “तुझ्या काकाचं तसं नाहीये गं.” ती म्हणाली, “तू कशाला त्यांची बाजू घेतेस?” दुसऱ्यांदा म्हणायला गेले की आम्हा सगळ्यांचीच थोडी चूक होती. थोडी! माझ्याच तोंडून ते ऐकून लाज वाटली. तिसऱ्यांदा रडायला आलं तर तिने मला जवळ घेतलं, आणि मी घेऊ दिलं. तोंडाने सांगायला गेले की मी स्वतःला वाचवते, हे आता माझ्या लक्षात आलंय.

म्हणून बाळ, ही वही तुझ्या टेबलावर ठेवतेय. ती तुझ्यासाठी लिहिली नव्हती, त्यामुळे यात मी सजून बसलेली नाही. वीस तारखेचं पान आधी वाच. तुझ्या बाबाला कशामुळे उतरावं लागलं ते तिथे आहे. तू तेव्हा माझा हात धरला होतास आणि मी गप्प बसले, तेही तिथेच आहे. तुझ्या काकाने विचारलं होतं. त्याने तुला सांगितलं ते खोटं आहे. मला वाचवायला बोलला. तो अजूनही हेच सांगेल, त्याच्या कानांकडे बघ.

बारा तारखेचंही वाच. तू थांबव म्हणालीस आणि मी थांबवली नाही. याची माफी कशी मागायची ते मला येत नाही.

तुला राग येईल. यायलाच हवा. काकाला फोन तेवढा कर, आजच कर, तो एकटा आहे.

बाळंतिणींच्या खोलीची काच नव्याने कापून ठेवली आहे. साडेसहा फुटी आहे, एकटीने उचलायची नाही, मधून वाकते. मी खाली दुकानात आहे.